त्रेचाळीस इंच

राजारामपुरीच्या त्या दुकानात
एका वेळी तीस टीव्ही चालू होते
आणि तिसांवर एकच पोपट
डाळिंबाचा दाणा सोलत होता.
रत्नमाला म्हणाली, 'सगळ्यांवर एकच लावलंय,
मग निवडायचं काय?'

शिकलगारांचा तौफिक, गळ्यात टाय,
शाळेत आमच्या पोराच्या मागच्या बाकावर बसायचा,
आता मला पिक्सेल समजावत होता.
'काका, पीस न् पीस मोजून घ्या.'
मोजता आलं असतं.
खरा पोपट काही एवढा हिरवा नसतो.

उद्यमनगरात मी एकतीस वर्षं लेथवर आहे.
मला सूत कळतं. पण इथले इंच तिरके,
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात.
रुंदी नाही, उंची नाही,
ज्या वाटेनं कुणी जात नाही तिचा आकडा सांगायचा.
मी खिशातून टेप काढला. तौफिक हसला.
आडवा साडेसदतीस.
खिडकी आणि कपाटाच्या मधली भिंत चाळीस.
दोन्हीकडं सव्वा सव्वा इंच मोकळा.
माझ्या बाजूनं काम झालं होतं.

घरच्याला पाठीमागं कुबड.
त्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर पितळी कासव,
कासवाला रेटून थंडीत झोपणारी मांजर.
दिवाळीनंतर त्याला हिरवी झाक आली.
बातम्या सांगणारी बाई कच्च्या कैरीसारखी,
आणि केबलवर पेठांची फुटबॉल मॅच लागली की
बावीसच्या बावीस पोरं एकाच संघात.

'हा उचलून बघू का?' रत्नमालानं विचारलं.

'मावशी, डिलिव्हरी फ्री आहे.
आमचा माणूस येऊन भिंतीला लावून देतो.'

'लावायचं कोण इचारतंय? काढायचं इचारतोय मी.'

तौफिक गप्प झाला.
त्याचं घर सुतारवाड्यात,
आमची गल्ली जामदार क्लबच्या उताराला.
त्याला पुढचं सांगावं लागलं नाही.

एकोणीसच्या ऑगस्टात मी निपाणीच्या अलीकडं
हायवेवर अडकलो होतो, ट्रकांच्या रांगेत, तीन रात्री.
इकडं उंबऱ्याला पाणी लागलं तेव्हा
तिनं ते कुबडं धूड पोटाशी धरून
चौदा पायऱ्या चढवून माळ्यावर नेलं.
कुंभारांच्या सुनेनं खालून रेटा दिला म्हणे.
म्हणे, कारण हे मला त्या सुनेनं सांगितलं.
रत्नमालानं फक्त एवढंच,
'टीव्ही चांगला हाय. कमरेला जरा लागलंय.'

तौफिकनं पिना काढल्या.
तीस पोपटांतला एक विझला.
आधी पंचावन्नवाला दिला तिच्या हातात.
दुसरी कड तिच्या बोटांना पोचेना.
मग त्रेचाळीसचा.
तो तिनं छातीशी धरला, देवघराचं दार निखळून हातात आल्यासारखा,
आणि मिक्सर-फ्रीजच्या मधल्या बोळातून चालायला लागली,
गुडघे जरा जास्तच वर उचलत.
गिऱ्हाइकं बघत होती.
चौदा झाल्यावर ती वळली.
काळ्या काचेत मला मी दिसलो,
हातात उघडा टेप.

'ह्यो द्या,' ती म्हणाली, 'आणि भिंतीचा स्टँड फुकट लावा.'
स्टँडचे सहाशे त्यानं लावलेच. चारशेवर तुटलं.

बसवायला आलेला पोरगा म्हणाला, 'स्क्रू आवळून पक्का करू?'
'नको. नुसता आकड्यावर अडकव.'
त्यानं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं,
जिथं तीनदा रंग देऊनही
कमरेच्या वर एक पिवळी रेघ उठते.

कासव आता फ्रीजवर असतं.
मांजर दोन दिवस रुसून शेजारी गेली.
जुना एक्स्चेंजमध्ये गेला, सातशेला.
न्यायला दोन दांडगी पोरं आली होती,
तरी दारापर्यंत त्यांनी तो दोनदा खाली टेकवला.

ती बघत उभी होती.
'जड होता न्हवं?' मी म्हटलं.
'होता की,' ती म्हणाली,
आणि रिमोटचं प्लॅस्टिक काढू नका म्हणून बजावून
चहा टाकायला आत गेली.